पुण्यात घर भाड्याने घेताय? आधी रात्री साडेअकराला त्या रस्त्यावर उभे राहा

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी पुण्यात नव्याने येणारा माणूस फ्लॅट बघताना ठरलेले प्रश्न विचारतो. पाणी रोज येतं का, पार्किंग कव्हर्ड आहे का, डिपॉझिट किती, मालक कटकट्या आहे का. रस्त्याच्या आवाजाबद्दल कोणी विचारत नाही. एजंट तशी वेळच येऊ देत नाही. तो तुम्हाला नेतो रविवारी दुपारी, रस्ता सुस्तावलेला असताना, आणि बाल्कनीचं दार सरकवून म्हणतो, "बघा, हायवे टच आहे, दहा मिनिटांत हिंजवडी." हायवे टच म्हणजे नेमकं काय, ते पहिल्या सोमवारी रात्री कळतं.

हा लेख त्या सोमवारच्या आधी वाचायचा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड डोळ्यांसमोर ठेवून लिहिला असला, तरी नाशिक किंवा नागपूरच्या वाढत्या भागात घर शोधणाऱ्यांनाही बराचसा लागू पडेल. गणपती, डीजे, लग्नाच्या वराती हा वेगळा विषय आहे. इथे फक्त चाकं, इंजिनं आणि हॉर्न.

आधीच एक सांगून ठेवतो. ट्रॅफिकचा आवाज म्हणून आपण जे म्हणतो त्यात पाच-सहा निरनिराळे आवाज असतात. प्रत्येकाची वेळ वेगळी, कारण वेगळं आणि इलाजही वेगळा. कोणता आवाज आहे हे न ओळखता लोक महागडी काच बसवतात आणि मग "काही फरक पडला नाही" म्हणून बसतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या ओळखीवरच उभ्या आहेत.

पहिली पायरी: नकाशा उघडा आणि गाड्या कुठे अडतात ते बघा

गाडी साधारण ताशी 40-50 किलोमीटरच्या पुढे गेली की कारच्या बाबतीत इंजिनापेक्षा टायरचा आवाज जास्त होतो. मोकळ्या वाहत्या रस्त्याचा हा आवाज एकसुरी असतो. तोही शरीराला बरा नाही, पण माणूस त्याच्यासोबत झोपून जातो. दचकून जाग येते ती आवाज अचानक बदलला की. ब्रेक, गिअर, हॉर्न, आपटणं. म्हणून घराच्या खिडकीपासून दीडदोनशे मीटरच्या टापूत रस्ता कुठे कुठे अडतो हे आधी नकाशावर आणि मग चालत जाऊन बघा.

सिग्नल सर्वांत वाईट, आणि त्यातही उलटे आकडे मोजणारा सिग्नल. आकडा पाच-सहावर आला की मागच्या रिक्षाचा हॉर्न सुरू होतो, तीनवर आल्यावर सगळ्यांचा. हिरवा लागण्याच्या आधीच पुढच्याला 'चल की' म्हणायची ही पद्धत पुण्यात इतकी मुरली आहे, की सिग्नलशेजारच्या घरात दर दोन मिनिटांनी एक लाट येते. मुंबई पोलिसांनी 2020 च्या सुरुवातीला काही सिग्नलला आवाज मोजणारी यंत्रं जोडून केलेला एक प्रयोग लोकांसमोर आणला होता. हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कल्पना झकास होती. तुमच्या चौकात ती येईल या भरवशावर मात्र ॲग्रीमेंट करू नका.

दुसरी गोष्ट, चढ. नकाशात चढ दिसत नाही, तिथे जाऊनच कळतो. नऱ्हे, आंबेगावच्या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा. कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढणारा भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत जातो आणि बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा ट्रक एअर ब्रेक फुस्स करत येतो. एकाच रस्त्याच्या दोन अंगांना दोन वेगळे आवाज. चढाच्या बाजूचा आवाज लांबतो, उताराच्या बाजूचा तुटक असतो.

उड्डाणपूल असेल तर त्याचे सांधे बघा. पुलाच्या दोन तुकड्यांमधल्या पट्टीवरून गाडी गेली की धड-धड असे दोन ठोके पडतात, पुढच्या चाकाचा एक आणि मागच्याचा एक. दिवसा हे कानावर येत नाही. रात्री दोन वाजता तोच आवाज भिंतीतून आल्यासारखा वाटतो. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण सैल असेल तरी असंच होतं, फक्त आवाज ठण-ठण. झाकणाचा फायदा एवढाच की ते दुरुस्त होऊ शकतं, त्याबद्दल पुढे.

मग गतिरोधक, आणि त्याच्याआधीचे ते पांढरे जाड पट्टे, ज्यांना आपण रंबलर म्हणतो. रिकामा टेम्पो गतिरोधकावरून गेला की त्याच्या हौद्याचा, साखळीचा, मागच्या फाळक्याचा एकत्र खडखडाट होतो. भरलेल्या टेम्पोपेक्षा रिकामा जास्त वाजतो. बसथांबा, यू-टर्न, पेट्रोल पंपाचं तोंड, खासगी ट्रॅव्हल्सचा थांबा हेही बघा. ट्रॅव्हल्सच्या गाड्या रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान भरतात, इंजिन चालू ठेवून, आणि प्रवासी रस्त्यापलीकडे आहे असं दिसलं की एअर हॉर्न.

नकाशावरच करायचं आणखी एक काम, आणि हे फार थोडे लोक करतात. विकास आराखडा बघा. पुण्याच्या हद्दीत 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23. अशा भागात आज गल्लीच्या टोकाला शेत आणि पत्र्याचं कुंपण असतं, गल्ली शांत असते, भाडंही जरा कमी असतं. त्या कुंपणाच्या जागी आराखड्यात 24 मीटर रुंद रस्ता आखलेला असू शकतो, ज्याला डीपी रस्ता म्हणतात. तो जोडला गेला की एका रात्रीत ती गल्ली शॉर्टकट होते. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नव्या प्रकल्पाचे मंजूर नकाशे असतात, त्यात लगतचे रस्ते दाखवलेले असतात. विकत घेणाऱ्याने तर हे बघायलाच हवं.

आणि हॉस्पिटल किंवा शाळेजवळ घर घेतलं की शांतता मिळते, हा समज सोडून द्या. कायद्यात हॉस्पिटल, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतीचा 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून सांगितला आहे, फलकही असतो. प्रत्यक्षात तिथे ॲम्ब्युलन्स असते, सकाळी सातला आणि दुपारी बाराला स्कूलव्हॅनची रांग असते, आणि तो फलक झाडामागे असतो.

दुसरी पायरी: चुकीच्या वेळी घर बघा

एजंटच्या वेळेला घर बघा, पण ठरवू नका. त्याच आठवड्यात कामाच्या दिवशी रात्री साडेअकराला तिथे जा. फ्लॅटची किल्ली लागत नाही, खाली रस्त्यावर उभं राहिलं तरी पुरतं. शहरातल्या बऱ्याच रस्त्यांवर दिवसा जड वाहनांना बंदी असते, त्यामुळे खडी-वाळूचे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर रात्री बाहेर पडतात. ज्या भागात नव्या इमारती उभ्या राहताहेत तिथे दिवसभर शांत असलेला रस्ता रात्रीच जागा होतो.

दुसरी खेप पहाटे साडेपाच-सहाची. उपनगरात पाण्याचे टँकर याच वेळेला सुरू होतात. टँकर सोसायटीत शिरताना हॉर्न देतो, मागे घेताना रिव्हर्सचं पीं-पीं, मग मोटरची घरघर. वाचमनला सरळ विचारा, "काका, टँकर किती येतात आणि किती वाजता येतात?" मालक जे सांगणार नाही ते वाचमन सांगतो. उन्हाळ्यात किती येतात हेही विचारा, कारण एप्रिल-मेमध्ये तो आकडा वेगळा असतो.

ऋतूंचंही गणित आहे. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज चांगलाच वाढतो, सर्र-सर्र असा. थंडीत वेगळीच गंमत होते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर जाणारा आवाज पुन्हा खाली वाकतो. त्यामुळे एरवी ऐकू न येणारा, किलोमीटरभर लांबचा महामार्ग किंवा रेल्वे थंडीत शेजारी असल्यासारखी ऐकू येते. मे महिन्यात घर बघून "हायवे लांब आहे, आवाज येत नाही" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरी पायरी: मोजा, पण आकड्याला भुलू नका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आवाज सतत मोजणारं जाळं 2011 पासून आहे. त्यात सात महानगरं आणि एकूण 70 केंद्रं आहेत. मुंबई आहे, पुणे नाही. पुणे महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते, त्यात आवाजाचे आकडे असतात. तेवढ्यावरून शहराचा अंदाज येतो, तुमच्या बेडरूमचा येत नाही. म्हणून फोन काढा.

आवाज मोजणारी ॲप्स फुकट मिळतात. आयफोन असेल तर अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेचं ॲप चांगलं आहे. अँड्रॉइडवर 'नॉइजकॅप्चर' आहे. फोनचं कव्हर काढा, माइकवर बोट येऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवून तिच्यापासून हातभर आत उभे राहा आणि निदान पंधरा मिनिटं मोजा. स्क्रीनवर नाचणारा आकडा बघू नका. 'एलएइक्यू' नावाचा सरासरी आकडा आणि सर्वांत मोठा आकडा, हे दोन लिहून घ्या. मग खिडकी बंद करून पुन्हा तेच. फोन दोन-चार डेसिबल इकडेतिकडे दाखवतो, त्यामुळे हा पुरावा म्हणून चालणार नाही. दोन फ्लॅटची तुलना करायला मात्र अगदी पुरेसा आहे.

आकडे वाचायचे कसे? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात 65 आणि 55, औद्योगिक भागात 75 आणि 70, शांतता क्षेत्रात 50 आणि 40. इथे रात्र म्हणजे दहा ते सहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात रस्त्याच्या आवाजासाठी रात्रीचा आकडा 45 हाच धरला आहे. त्यापलीकडे झोपेवर आणि पुढे हृदयावर परिणाम होतो, हे त्यामागचं कारण.

पुण्यातल्या कोणत्याही मुख्य रस्त्यावर हे आकडे पाळले जात नाहीत, तेव्हा 45 चा हट्ट धरून बसलात तर घरच मिळणार नाही. डेसिबलचा हिशोब समजून घेतलात तर जास्त उपयोग होईल. गाड्या दुप्पट झाल्या तर आवाज 3 डेसिबलने वाढतो, दहापट झाल्या तर 10 ने. कानाला मात्र 10 डेसिबल म्हणजे साधारण दुप्पट आवाज वाटतो. रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तर जेमतेम 3 डेसिबल कमी होतात. म्हणून रस्त्यापासून 20 मीटरवरचा फ्लॅट सोडून 40 मीटरवरचा घेतला, एवढ्याने फारसं काही साधत नाही. मधे एखादी इमारत आली तर साधतं.

आणि सरासरी आकडा एक गोष्ट लपवतो. रात्रभर 48 डेसिबल आणि त्यात चार वेळा फटाके फोडणारी बुलेट, यांची सरासरी फार वाईट दिसणार नाही. झोप मात्र चार वेळा मोडलेली असेल. म्हणून सर्वांत मोठा आकडाही टिपायचा.

चौथी पायरी: त्याच इमारतीत दुसरा फ्लॅट मागा

इमारत तीच, भाडं तेच, आणि आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. बऱ्याचदा यावरच काम भागतं. रस्त्याकडे तोंड असलेला फ्लॅट आणि मागच्या अंगाचा फ्लॅट यांत 10 डेसिबलहून जास्त फरक सहज पडू शकतो, कारण मधे अख्खी इमारत भिंतीसारखी उभी असते. 'रोड फेसिंग' म्हणून जास्त भाडं सांगतात, ते दुकानाला ठीक आहे. तुम्ही मागचा फ्लॅट मागा.

वरचा मजला शांत असतो, हे नेहमीच खरं नाही. आवाजाला आडोसा तेव्हाच मिळतो जेव्हा रस्ता नजरेआड असतो. पहिल्या मजल्याला कंपाउंडच्या भिंतीचा किंवा समोरच्या दुकानांच्या रांगेचा आडोसा मिळू शकतो. सहाव्या-सातव्या मजल्यावरून तोच रस्ता लांबवर दिसतो, आणि जेवढा दिसतो तेवढा ऐकू येतो. समोर उड्डाणपूल असेल तर पुलाच्या पातळीचा मजला सर्वांत वाईट. बेडरूमच्या खिडकीत पलंगाच्या उंचीला डोकं नेऊन बघा. तिथून रस्त्याचा किती भाग दिसतो, हीच सर्वांत साधी कसोटी.

झाडांचंही बोलायला हवं. खिडकीसमोर गुलमोहर असेल तर छानच, धूळ कमी येते, डोळ्यांना बरं वाटतं. पण एका ओळीतली झाडं आवाज जवळपास अडवत नाहीत. आवाज अडवायला वजनदार, बिनफटीची भिंत लागते. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या टप्प्यात वन्यप्राण्यांना त्रास होऊ नये म्हणून अशा ध्वनिरोधक भिंती उभारल्या आहेत. पेंचच्या वाघाला जे मिळालं ते बाणेर-वाकडच्या भाडेकरूला कधी मिळेल, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

पाचवी पायरी: ॲग्रीमेंटवर सही करण्याआधी दोन वाक्यं घालून घ्या

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे भाड्याच्या करारात, लॉक-इन पिरियड असतो, त्या मुदतीआधी घर सोडता येत नाही. तो कमीत कमी ठेवायला सांगा, शक्य तर दोन-तीन महिने. नंतर झोप येत नाही म्हणून घर सोडायचं ठरलं तर डिपॉझिट अडकून पडत नाही. दुसरं, खिडकीला पट्ट्या बसवणं, आतून जादा काच लावणं याला मालकाची हरकत नाही आणि जाताना ते काढून नेता येईल, हे लेखी घ्या. तोंडी "करा हो, काय त्यात" म्हणणारे काका घर सोडायच्या दिवशी फ्रेमला पडलेली भोकं मोजतात.

सहावी पायरी: खिडकी, आणि तिच्या फटी

राहायला आलात आणि आवाज आहेच. आता काय?

आधी रात्री दिवा बंद करून खिडकीच्या कडेने हात फिरवा. जिथे वारा लागतो तिथून आवाज येतो. भिंत कितीही जाड असली तरी तिच्या शंभराव्या भागाएवढी फट उघडी राहिली, तर ती अख्खी भिंत 20 डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. आपल्याकडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बहुतेक ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात, एका ट्रॅकवर मच्छरदाणीची जाळी आणि दोन ट्रॅकवर काचा. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथली उभी फट, खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं आणि कडेची झिजलेली ब्रशची पट्टी, या तीन ठिकाणांहून रस्ता घरात येतो. ब्रशची नवी पट्टी फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळते आणि तो ती अर्ध्या तासात बदलून देतो. पाण्याची भोकं मात्र बुजवू नका, नाहीतर जूनमध्ये पाणी आत येईल. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. किचनच्या एक्झॉस्ट फॅनचं भोक आणि ड्राय बाल्कनीचं (किचनमागच्या धुण्याभांड्याच्या बाल्कनीचं) दार विसरू नका. लोक बेडरूमची खिडकी सील करतात आणि आवाज ड्राय बाल्कनीतून फिरून येतो.

एवढं करून भागलं नाही तर आतल्या बाजूने दुसरी खिडकी. मूळ खिडकीपासून जितकी आत बसवता येईल तितकी चांगली, 10 सेंटिमीटर अंतर मिळालं तर उत्तम. दोन काचांमध्ये जेमतेम सेंटिमीटरभर हवा असलेली तयार 'डबल ग्लास' खिडकी उष्णता छान अडवते, ट्रकची जाड घरघर तितकी नाही. दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या. साधी काच आणि लॅमिनेटेड काच यांत निवड करायची असेल तर लॅमिनेटेड घ्या, तिच्या मधला पातळ थर कंप शोषून घेतो. आणि खिडकी सरकती न घेता दारासारखी उघडणारी, चारही बाजूंनी गॅस्केट (रबरी पट्टी) दाबून बंद होणारी घ्या. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या फ्रेमच्या, नावाला भुलू नका. सरकती यूपीव्हीसी खिडकी फटींच्या बाबतीत सरकत्या ॲल्युमिनियमची सख्खी बहीण आहे.

काय करू नये तेही सांगतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा फोमचे तुकडे चिकटवल्याने बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही. त्याने फक्त खोलीतला घुमारा कमी होतो. जाड पडदेही तसेच, थोडे उपयोगी आहेत, फार नाहीत. त्यापेक्षा पलंग रस्त्याच्या भिंतीपासून हलवा आणि कपाट त्या भिंतीला लावा.

खिडक्या बंद केल्या की हवा खेळत नाही, आणि पुण्यात मार्च ते मे ती अडचण खरी आहे. मागच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून रस्त्याकडची बंद ठेवता येते का बघा. उघडी खिडकी सुद्धा बाहेरच्या आवाजातले साधारण 10 ते 15 डेसिबल कमी करते, त्यामुळे मागची बाजू शांत असेल तर तेवढ्यावर झोप लागते.

सातवी पायरी: सोसायटीच्या गेटवरचे हॉर्न

हे सर्वांत स्वस्त काम आहे. नीट ऐकलंत तर जाग आणणाऱ्या हॉर्नांपैकी बरेच रस्त्यावरचे नसतात, आपल्याच गेटवरचे असतात. सकाळी पावणेसातला स्कूलव्हॅनवाले काका तिसऱ्या मजल्यावरच्या मुलासाठी तीनदा हॉर्न देतात. रात्री उशिरा येणारा एक सभासद वाचमनने गेट उघडावं म्हणून देतो. टँकरवाला देतोच.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कृपया हॉर्न वाजवू नये" असा फलक टाकून काही होत नाही. व्हॅनवाल्या काकांशी समोरासमोर बोला, मुलाच्या आईला मिस्ड कॉल द्यायला सांगा. ते ऐकतात, त्यांनाही घाईच असते. टँकरची वेळ सहाच्या नंतरची करून घ्यायला सेक्रेटरीकडे लेखी मागणी द्या, तीन-चार सभासदांच्या सह्या असल्या की बरं. तुम्ही भाडेकरू असाल तर मालकाची सही घ्या. भाडेकरूच्या अर्जाला आपल्या सोसायट्यांमध्ये किती मान असतो, हे वेगळं सांगायला नको.

आठवी पायरी: तक्रार, एकाच गोष्टीची

"आमच्या भागात ट्रॅफिकचा फार आवाज आहे" ही तक्रार कोणीच घेत नाही, कारण त्यावर कोणीच काही करू शकत नाही. नियमांप्रमाणे मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते, पण अख्ख्या रस्त्याविरुद्ध ती चालवणार कोणाकडे? तक्रार एका गोष्टीची करा. अमुक चौकातलं सैल झाकण. अमुक नंबरची बुलेट. अमुक ठिकाणी रात्री साडेदहानंतर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या ट्रॅव्हल्स.

आधी रस्ता कोणाचा ते बघा. मुंबई-बंगळुरू महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, त्यांची हेल्पलाइन 1033. शहरातले रस्ते, झाकणं, खड्डे महापालिकेचे. तिथल्या तक्रारींसाठी पुण्यात पीएमसी केअर, पिंपरी-चिंचवडमध्ये सारथी. हिंजवडीसारखा भाग दोन्ही महापालिकांच्या बाहेर आहे, तिथे आधी ग्रामपंचायतीत आणि पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) चौकशी करावी लागते. पोलीसही दोन. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय 2018 पासून वेगळं आहे आणि त्याची हद्द महापालिकेच्या हद्दीशी तंतोतंत जुळत नाही. चुकीच्या ठिकाणी केलेली तक्रार "आमच्या हद्दीत येत नाही" या शेऱ्यासह बंद होते, म्हणून सगळ्यांत आधी एक फोन करून हद्द विचारा.

गाड्यांसाठी कलम माहीत असलेलं बरं. मोटार वाहन कायद्याच्या 194 एफ कलमाखाली विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवणं, हॉर्नबंदीच्या फलकाजवळ वाजवणं आणि सायलेन्सर डावलून धूर सोडणारी गाडी चालवणं याला पहिल्यांदा 1000 रुपये, पुढच्या वेळी 2000 रुपये दंड आहे. अनेक सूर काढणारे हॉर्न वाहन नियमांत मुळातच बसत नाहीत. निवासी भागात रात्री दहा ते सहा हॉर्न वाजवायला आणीबाणी सोडून मनाई आहे. वाहतूक पोलीस जप्त केलेले फटाका सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोलर फिरवतात, त्याचे फोटो पेपरात येतात, पण कारवाई मोहिमेपुरती असते. तुमच्या गल्लीतली बुलेट पकडायची तर गाडीचा नंबर, जागा आणि ती रोज जाते ती वेळ द्या. अकरा ते सव्वाअकराच्या दरम्यान रोज जाते, एवढं कळलं तरी पोलिसांना उभं राहायला कारण मिळतं. व्हिडिओ काढताना स्वतः गाडीसमोर जाऊ नका, बाल्कनीतून काढा. रात्री चालू असलेल्या त्रासाला 112 आहेच.

तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. महिना उलटूनही काही झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. "कारवाई करा" असं त्यात लिहू नका, ते माहितीच्या अर्जात बसत नाही. "अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला काय केले, याची प्रत द्यावी" असं लिहा. बऱ्याचदा उत्तर यायच्या आधी झाकण बसतं.

आता गतिरोधकाबद्दल, कारण भरधाव गाड्यांना कंटाळलेली प्रत्येक सोसायटी शेवटी त्याच मागणीवर येते. अपघात टाळायला तो लागतो, शाळेसमोर तर हवाच. पण आवाज कमी होईल या आशेने मागत असाल तर थांबा. गाडी ब्रेक लावते, आपटते, पुन्हा गिअर टाकून वेग घेते, म्हणजे एका घरघरीचे तीन आवाज होतात आणि तेही बरोबर तुमच्या खिडकीखाली. मागायचाच असेल तर रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा मागा, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, ज्यावरून ताशी 25 च्या वेगाने गाडी न आपटता जाते. रातोरात डांबराचा ढीग ओतून केलेला अरुंद उंचवटा नको. जागाही अर्जातच लिहून द्या, कोणाच्या बेडरूमपासून लांब, एखाद्या दुकानाच्या किंवा मोकळ्या प्लॉटच्या समोर. आणि ठेकेदाराची माणसं आली की खाली उतरून उभे राहा, कारण खडूची खूण कुठे पडते यावरच सगळं ठरतं.